मारिओचे बिऱ्हाड

हिशेबी माणसांचा एक आवडता सल्ला असतो : जे चांगले येते तेवढेच करावे, बाकीचा व्याप दुसऱ्यावर सोडावा. निंटेंडो या जपानी कंपनीला हा सल्ला वर्षानुवर्षे मिळत आला आहे. तुम्ही खेळ रचा. ते खेळण्याचे यंत्र, म्हणजे कन्सोल, करण्याच्या फंदात कशाला पडता? मारिओ लोकांना हवाच आहे. तो कोणत्या डबीतून येतो याच्याशी त्यांना काय कर्तव्य?

सल्ला अगदीच पोकळ नाही. कंपनीचे २०१२ सालचे ‘वी यू’ हे यंत्र साफ पडले. आधीचे ‘वी’ दहा कोटींवर खपले होते. याला दीड कोटीचाही पल्ला गाठता आला नाही. २०१४ साली अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिने स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. मारिओला आता मोबाइलवर धाडा, असे तेव्हा पुष्कळांनी सुनावले.

सेगा कंपनी त्या वाटेने आधीच गेली होती. तिने २००१ साली ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र बंद केले, आणि त्याच वर्षी तिचा लाडका सोनिक निंटेंडोच्या, म्हणजे जुन्या हाडवैऱ्याच्या, यंत्रावर धावू लागला. कंपनी तगली, हे खरे. पण ते बिऱ्हाडकरूचे जिणे! विक्रीतला वाटा मालकाला द्यायचा तो द्यायचाच. शिवाय भिंतीत खिळा ठोकायचा तर त्याचीच मर्जी सांभाळायची.

पैशापेक्षा मला हा खिळा महत्त्वाचा वाटतो. १८८९ साली क्योतोत फुलांच्या चित्रांचे पत्ते हाताने करून विकणारी ही कंपनी. (आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवाव्यात.) खेळ आणि तो हातात धरायची वस्तू या दोन गोष्टी तिने मुळातच वेगळ्या मानल्या नाहीत. १९८२ साली गुनपेई योकोई यांनी एका छोट्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले. भाच्याच्या आग्रहाखातर मी एकदा तसले यंत्र हाती घेतले. काहीएक कळायच्या आत अंगठा त्या बटणावर जाऊन विसावला. मारिओ मात्र लगेच खड्ड्यात गेला! पुढे १९९६ साली मारिओ सपाट चित्रातून खोलगट जगात उतरला, तेव्हा त्याच्यासाठी अंगठ्याने कलवायची दांडी आली. ती थोडी कलवली की तो चालतो, पुरती कलवली की धावतो. त्याची चाल आणि ती दांडी एकाच घरात, एकमेकांकडे पाहत घडली. बिऱ्हाडकरूने घरमालकाकडे अशी दांडी मागितली असती, तर उत्तर काय मिळाले असते?

स्वतःचे छप्पर गळते, आणि डागडुजीचा खर्चही आपल्याच माथी बसतो, हे ‘वी यू’ने दाखवलेच. पण २०१७ साली त्याच घरातून ‘स्विच’ निघाले, आणि ते पंधरा कोटींहून अधिक खपले. गंमत अशी, की त्यावर सर्वांत जास्त खपलेला मोटारशर्यतीचा खेळ, ‘मारिओ कार्ट ८’, मूळचा २०१४ सालचा, त्या पडलेल्या ‘वी यू’वरचाच. हिशेबी माणसे म्हणतील, पाहा, यंत्र बदलले तरी खेळ चाललाच ना! चालला खरा, पण तो माजघरातून ओसरीवर आला होता, परक्याच्या चाळीत नव्हे.