तापलेल्याचा दोष

बाबांनी १९९८ साली घेतलेला संगणक अजून आमच्या घरी आहे. बाबा गेले, पण तो कोपऱ्यातून हलवावा असे कुणालाच वाटले नाही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो सुरू केला. गाणे चार-पाच मिनिटे वाजले आणि एकाएकी थांबले. काही वेळाने आपोआप पुन्हा सुरू झाले. मग हाच खेळ चालू राहिला.

झाकण काढून साउंड कार्डावर बोट फिरवले. तीन पायांच्या एका काळ्या चिपवर ते टेकताच चटका बसला. चोर सापडला! ती चिप बदलून घ्यावी म्हणून कार्ड घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेले. काकांचा सारा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला.

काकांनी चिपवरचा आकडा वाचला, ‘७८०५’. म्हणाले, “अगं, ही १२ व्होल्ट घेते आणि पुढे ५ देते. मधले ७ व्होल्ट उष्णता होऊन हिच्याच अंगातून निघतात. पुढून जितका प्रवाह मागतील तितकी ही तापणार. फारच तापली की स्वतःच पुरवठा तोडते, निवली की पुन्हा कामाला लागते. हिला काढून काय होणार? मागतोय कोण ते बघू.”

त्यांनी मीटर लावला. जेमतेम २० ओहम! मग वाटाण्याएवढ्या एका पिवळ्या कपॅसिटरचा पाय सोडवला, तसा रोध एकदम वाढला. तो बिघडलेला कपॅसिटर एकटाच पाव अँपिअर गिळत होता. त्याच्यापायी चिपला पावणेदोन वॅट उष्णता सोसावी लागत होती. तोही तापतच असणार. पण पहिल्या चटक्यानंतर मी बोट पुढे नेलेच नव्हते.

नवा कपॅसिटर बसला आणि त्या रात्री गाणे शेवटपर्यंत वाजले. दादा दारात येऊन उभा राहिला. दादा तापट आहे, बाबांच्या पश्चात तर अधिकच. फीचे पैसे मागितले तेव्हा तो असा ओरडला होता, की पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललेच नव्हते.

“दादा, घराच्या कर्जाचा हप्ता किती असतो रे?” मी विचारले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि एकेक आकडा सांगू लागला. त्यात आईच्या औषधांचा आकडा होता, आणि मागच्या वर्षी माझ्या फीसाठी केलेल्या उसनवारीचाही होता.