बेसा रस्ता, पगाराची पावती आणि बाबासाहेबांचे अर्थशास्त्र

रिंगरोडवरच्या मानेवाडा चौकातून दक्षिणेला निघाले की रस्ता सरळ बेसाला जातो. नागपूरकरांना हा भाग एकेकाळी शेतीचा म्हणून माहीत होता. आता दोन्ही बाजूंना ले-आऊट, फ्लॅट स्कीम आणि बिल्डरांचे फलक दिसतात. सकाळी आठच्या सुमारास याच रस्त्याने आपले लोक कामाला येतात. मिस्त्री सायकलवर, रेजा ऑटोत दाटीवाटीने आणि रात्रपाळीचा चौकीदार फाटकाशी बदलीची वाट पाहत उभा. इमारत कुणाचीही असो, ती उभी करणारे आणि राखणारे हात ओळखीचे निघतात.

एका रविवारी आम्ही संस्थेच्या कामासाठी तिकडे गेलो होतो. चहाच्या ठेल्यावर बाजूला चार-पाच रेजा बसल्या होत्या. बोलता बोलता कराचा विषय निघाला, तेव्हा त्यांतली एक बाई हसून म्हणाली, "आमाले कायचा टॅक्स जी? टॅक्स तं सायेब लोकं भरते." तिच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. आम्ही म्हटले, "बाई, तुम्ही आत्ताच टॅक्स भरला. या पुड्यात तो आला."

हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. अंगाचा साबण, दंतमंजनाची पेस्ट, डोक्याचे तेल, बिस्किटे यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. त्या दिवसापासून तो ५ टक्के झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मधली आठ वर्षे सोन्यावर ३ टक्के आणि साबणावर १८ टक्के, असाच हिशेब चालला. रेजा आणि बंगलेवाला एकच साबण घेतात आणि एकच कर भरतात. एकाचा त्यात अर्ध्या दिवसाचा भाजीपाला जातो, दुसऱ्याला कळतही नाही.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण त्यांचा मूळ विषय अर्थशास्त्र, आणि त्यातही सरकारचा जमाखर्च. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात ते प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे शिकले. सेलिग्मन हे चढत्या दराच्या करावर, म्हणजे ज्याची ऐपत जास्त त्याच्यावर दरही जास्त या तत्त्वावर, ग्रंथ लिहिणारे पंडित. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली लंडनला निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. मधल्या काळात, नोव्हेंबर १९१८ पासून १९२० पर्यंत, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी येऊन बसत, असे चरित्रकार लिहितात. आणि त्याच कॉलेजात, प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. देशाच्या तिजोरीचे शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पाण्याची मोकळीक नाही! पगारातून काटकसर करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले आणि अपुरा अभ्यास पुरा करायला लंडन गाठले.

हे सर्व पुस्तकातच राहिले नाही. मुंबई कायदेमंडळात आल्याबरोबर फेब्रुवारी १९२७ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. आयकराला किमान मर्यादा आहे, उत्पन्न नसेल तर तो लागत नाही. शेतसारा मात्र मोठ्या जहागीरदारालाही आणि दोन एकरवाल्यालाही त्याच दराने, पीक बुडाले तरी. आपल्या नागपूर भागात तेव्हा मालगुजारी होती, ती स्वातंत्र्यानंतर संपली. पण रीत तीच, ज्याच्या अंगात देण्याचे बळ नाही त्याच्याकडून आधी वसूल करा.

आता बेसातल्या त्या चौकीदाराकडे येऊ. त्याने आम्हाला पगाराची पावती दाखवली. पगार १२,००० रुपये, कपातीत व्यवसाय कर २०० रुपये. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. ज्या स्कीमच्या फाटकावर तो उभा असतो, तिथे महिन्याला दोन लाख घेणारा अधिकारी राहत असेल, तर त्याचाही व्यवसाय कर २,५००च! आम्ही कॉमर्सचे, म्हणून लगेच कागदावर आकडा मांडला. चौकीदाराच्या शंभर रुपयांमागे जवळपास पावणेदोन रुपये जातात, अधिकाऱ्याच्या शंभरामागे दहा पैसे. दुसरीकडे २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागत नाही. महिन्याला लाख मिळवणाऱ्याला सूट मिळाली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण १२,०००वाल्याचे २०० सोडावे, हे कुणाला सुचू नये?

याचे कारण कायद्यात आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, ती १९८८ मध्ये २५० वरून वाढवलेली. वरची मर्यादा बांधलेली आणि खालची जवळजवळ जमिनीलाच टेकलेली. पुरुषाला पगार १०,००० च्या वर गेला की पूर्ण कर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम मिळावे म्हणून शहरातल्या नोकरदाराने द्यायचा पैसा. हेतू उत्तम होता. आता त्या हेतूचा बोजा हमीवर जगण्याइतक्याच गरिबावरही पडतो.

राज्याच्या हातात खालची मर्यादा आहे, हे सिद्ध झालेले आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ झाला. तशीच माफी पुरुष कामगारांना का नाही, हे निवेदन आमदारांकडे गेले पाहिजे आणि त्यावर सह्या चौकीदारांच्या, सफाई कामगारांच्या असाव्यात. मसुदा आम्ही तयार केला आहे.

तोवर एक काम घरच्या घरी करता येईल. बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी भागात कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या आपल्या अनेक भगिनी आहेत. पगार २५,००० च्या आत असूनही पावतीवर व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसत असतील, तर ती पावती फेकू नका. पावतीच मिळत नसेल तर आधी ती मागा. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही विहारात बसतो. येताना मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या सोबत आणाव्यात.