रिकाम्या वायरीतले बारा व्होल्ट

चावी फिरवली आणि ट्रॅक्टर गप्प. घाईघाईचं टक-टक-टक ऐकू आलं असतं तर बॅटरी उतरली म्हटलं असतं. एकच जोरकस 'टक्' आला असता तर सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळाले असावेत, असा अंदाज बांधता आला असता. इथे कान लावला तर सेल्फच्या बाजूला काहीतरी हललंसं वाटायचं, तेवढंच.

मागे ब्लोअर जोडलेला, सहाशे लिटरची टाकी औषधाने काठोकाठ, आणि निफाड तालुक्यातली आमची द्राक्षबाग नेमकी फुलोऱ्यात. रात्री अवकाळीची सर येऊन गेली होती. फुलोऱ्यात पाणी पडलं की डावणीचा रोग पानावरून घडावर जायला वेळ लावत नाही. पानं सुकली की लगेच औषध बसलं पाहिजे.

"ढकलून बघू," नाना म्हणाले. डिझेलचा मोकळा ट्रॅक्टर उतारावर गियरमध्ये सोडला तर चालू होतो, हे खरं. पण दोन ओळींच्या मधल्या चिखलात, भरल्या टाकीसकट, कोण ढकलणार? शेजारचे दादा तर उपाय हातात घेऊनच आले होते: लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. सोलेनॉइडवरची बॅटरीची जाड वायर आणि शेजारची बारीक पिन पात्याने जोडली की ठिणगी उडते आणि सेल्फ फिरतो. मी त्यांना हात लावू दिला नाही. या शॉर्ट मारण्यात चावी, क्लच, न्यूट्रल सगळ्यांनाच बगल मिळते. मारणारा उभा असतो मागच्या चाकाच्या पुढ्यात. ट्रॅक्टर चुकून गियरमध्ये राहिलेला असेल तर चालू होताक्षणी तो त्याच्याच अंगावर येतो. अशी माणसं गेलेली आहेत, तरीही गावोगावी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तो स्क्रू ड्रायव्हर असतोच.

मीटर लावलं. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. पण निवांत पडलेल्या बॅटरीचा आकडा फारसा भरवशाचा नसतो, म्हणून हेडलाइट लावून चावी मारली. उजेड जवळजवळ मंदावलाच नाही. बॅटरी कमकुवत असती किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा क्षार धरला असता, तर सेल्फ करंट ओढायला लागताच दिव्यांनी मान टाकली असती. इथे सेल्फने काही ओढलेलंच नव्हतं. दोष जाड वायरीत नाही, चावीकडून येणाऱ्या बारीक वायरीत किंवा सोलेनॉइडमध्येच असावा, इतपत कळलं.

ती वायर सोलेनॉइडवरून उपटली, मीटरचं लाल टोक तिच्यात खुपसलं आणि नानांना क्लच दाबून चावी मारायला सांगितली. 12.4.

"बघ, करंट येतोय. सेल्फच गेला," दादा म्हणाले. पिंपळगावच्या मेकॅनिकला फोन केला, तर त्याचंही तेच: "सेल्फ काढून घेऊन या." नवा सेल्फ म्हणजे काही हजारांचं काम, शिवाय ती सकाळ गेलीच.

मला त्या आकड्याचा संशय होता. वायर पुन्हा पिनेवर बसवली, मीटरचं टोक बाजूने पिनेला टेकवलं आणि चावी मारायला लावली. चार व्होल्ट.

ठिबकवाल्याला हे लगेच उमगेल. फिल्टर तुंबलेला असला तरी कॉक बंद असताना गेजवर दाब पुरता दिसतो, आणि कॉक उघडला की धार मरते. डिजिटल मीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. तारेचा एखादाच धागा शाबूत असला तरी ते खुशाल बारा व्होल्ट दाखवतं. सोलेनॉइडची गोष्ट वेगळी. आतला दांडा खेचून दातेरी चक्र फ्लायव्हीलला भिडवायचं, तर त्याला कितीतरी अँपिअर लागतात. वाटेत एका ओहमचा जरी नको असलेला रोध असला तर व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. मीटरने खोटं सांगितलं नव्हतं, प्रश्नच रिकाम्या वायरीला विचारला होता. वर्कशॉपच्या भंगारात पडलेल्या सेल्फपैकी किती अशाच प्रश्नावर बळी गेले असतील, कोण जाणे.

खात्रीसाठी वायर पुन्हा काढून तिला हेडलाइटचा जुना 55 वॉटचा बल्ब जोडला. तो लागला, पण पिवळट, आजारी. बॅटरीवर थेट लावला तर पांढरा लख्ख.

आता फक्त वाट तपासायची होती. आमचं मॉडेल जुनं. मध्ये रिले नाही. सोलेनॉइडचा सगळा करंट फ्यूज, चावीचा स्विच आणि क्लचच्या पॅडलखालचा सेफ्टी स्विच यांतूनच जातो. वायर जोडलेली, चावी मारून धरलेली, आणि मी मीटर घेऊन एकेक टप्पा पुढे सरकत गेलो. चावीच्या मागे बारा. सेफ्टी स्विचच्या कनेक्टरात शिरतानाही जवळपास तेवढेच. पलीकडे चार. मीटरची दोन्ही टोकं कनेक्टरच्या दोन बाजूंना लावली, तर आठ व्होल्ट एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यात मुरत होते. बोट लावलं तर तो गरम लागला.

उघडल्यावर आत हिरवंगार. फूटबोर्डाखालचा हा कनेक्टर ब्लोअरच्या तुषारांत सदा भिजणारा. बोर्डो, गंधक, वर धुण्याचं पाणी. पितळी पिनेवर हिरवट पापुद्रा धरला होता आणि एका बाजूचं प्लॅस्टिक तापून तपकिरी पडलं होतं. पिना पॉलिश पेपरने घासल्या, पकडीने जरा आवळल्या. नानांनी क्लच दाबला, चावी मारली, आणि सेल्फने एका दमात इंजिन फिरवलं. औषध वेळेत बसलं.

सवड मिळाल्यावर कनेक्टर कापून नवा घातला, जोडांवर तापवून आवळणारी नळी चढवली, ग्रीस भरली आणि सेल्फजवळ चार पिनांचा रिले बसवला. आता चावी आणि सेफ्टी स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो. सोलेनॉइडचा मोठा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेत येतो आणि तिथून जवळच्या जवळ मिळतो. सेफ्टी स्विच मात्र कॉइलच्या वाटेत तसाच ठेवला, क्लच दाबल्याशिवाय रिले ओढतच नाही. यात एक तोटाही आहे: थोड्या करंटला किरकोळ गंज नडत नाही, त्यामुळे कनेक्टर पुन्हा सडायला लागला तर ते उशिरा कळेल. म्हणून छाटणीआधीच्या सर्व्हिसिंगला तो उघडून बघतो.

दादांना हा सगळा खटाटोप पटला नाही. "स्विचच्या दोन वायरी पिरगळून डायरेक्ट करायच्या, विषय संपला." त्यांच्या ट्रॅक्टरला त्यांनी तेच केलंय. मी त्यांच्यासाठी नवा सेफ्टी स्विच आणूनही दिला. तो अजून डब्यातच आहे. म्हणतात, माल निघाला की बसवू.