दिवाणखान्यातील समुद्र

मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आणि गावच्या घरात दोन वृद्ध, कधी एकच, असे चित्र आमच्या सिंधुदुर्गनगरीच्या परिसरात आपल्याला घरोघरी दिसेल. अशा वेळी आईवडिलांना विरंगुळा म्हणून मत्स्यालय आणून द्यावे, असे मुलांच्या मनात येते. कल्पना चांगली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या भोजनगृहात मत्स्यालय ठेवल्यावर त्यांचा आहार व वजन दोन्ही वाढल्याचे आढळले. मात्र मासा कोणता आणि तो सांभाळणार कोण, हे आधी ठरवावे.

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारे एक निवृत्त गुरुजी पत्नीच्या निधनानंतर अबोल झाले होते. मुलाने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी बसवून दिली आणि तीत इतर माशांसोबत एक बॉक्सफिश सोडला. पेटीच्या आकाराचा, पिवळाधमक, अंगावर काळे ठिपके. "डॉक्टर, तो माझ्याकडे टक लावून बघतो हो!" असे सांगताना गुरुजी कितीतरी दिवसांनी हसले. पुढे पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, पंप बंद पडला आणि सकाळी टाकीतील एकही मासा जिवंत नव्हता. गुरुजींनी दोन दिवस अन्न घेतले नाही. एकट्या माणसाला हा शोक लहान नसतो.

या माशाचे शरीर हाडांच्या षट्कोनी तुकड्यांच्या कवचात बंद असते. तो घाबरला वा आजारी पडला, की त्याच्या त्वचेतून साबणासारखे विष पाझरते. अथांग समुद्रात ते विरून जाते. बंद टाकीत मात्र इतर माशांचे कल्ले निकामी करते आणि कधी त्याचाही जीव घेते. शिवाय लिंबाएवढे दिसणारे हे पिल्लू पुढे ४५ सें.मी.पर्यंत वाढू शकते. हौशी घरातील पहिला मासा म्हणून तो योग्य नाही.

खाऱ्या टाकीचे शास्त्र आपल्या शरीरासारखेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. म्हणून घटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालावे लागते. नवी टाकी लोणच्यासारखी मुरावीही लागते. माशांच्या विष्ठेतील अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे जातात. तोवर घाई नको.

आता वैद्यकीय सूचना. टाकीच्या पाण्यातील एक जिवाणू हातावरील जखमेतून शिरला, तर काही आठवड्यांनी तेथे गाठ उठते. तिच्यावर काही महिने औषध घ्यावे लागते. मधुमेही व यकृताच्या रुग्णांनी जखमी हात टाकीत मुळीच घालू नये. इतरांनीही लांब हातमोजे वापरावेत. गाठ दाखवताना डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगावे. दोनशे लिटर पाण्याचे वजन दोनशे किलो असते. तेव्हा टाकी भक्कम बैठकीवर हवी. तिची उंची अशी असावी, की स्वच्छतेसाठी वृद्धांना स्टुलावर चढावे लागणार नाही. विजेची तार बटणाच्या खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी बटणापर्यंत पोहोचत नाही. वीज गेल्यावर हवा पुरवण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ वा समुद्री घोडा उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या सुना-लेकींवर आणखी एका जिवाचा भार टाकण्यापूर्वी त्यांना विचारावे. रात्री-अपरात्री उठणाऱ्या व्यक्तीस आठवड्याची पाणीबदली ही शिक्षा ठरू शकते. गोड्या पाण्याची छोटी टाकी आणि चार साधे गप्पी मासे पुरेसे आहेत. रोज ठरल्या वेळी चिमूटभर दाणे टाकायचे काम मात्र आजी-आजोबांकडेच राहू द्यावे. आपली वाट पाहणारे कोणी घरात आहे, हे त्यांना त्या चिमटीतून रोज कळते. त्यासाठी मासा दुर्मीळ असण्याची गरज नसते.