नागिणीची लस आणि साबणाचे झाड

नागिणीने अंगाला पूर्ण विळखा घातला की माणूस दगावतो, ही समजूत आमच्या बोनकोड्यात आजही ऐकू येते. वास्तविक नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावली की एखाद्या तंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस, बाहेर पडतो. विळख्याची भीती निराधार. परंतु फोड सुकल्यानंतरही मागे राहणारी आग खरी. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तीन महिने पदराचा स्पर्शदेखील सोसवत नव्हता.

म्हणून ८१ वर्षांच्या सासूबाईंना लस द्यावी असे घरात ठरले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं रक्त म्हातारं झालंय. ते आता लशीचं ऐकणार आहे का?" प्रश्न मार्मिक होता. वयोमानाने लशीला मिळणारा प्रतिसाद खरोखरच क्षीण होतो.

यावरचा उपाय लशीतील सहायक द्रव्यात, म्हणजे ॲडज्युव्हंटमध्ये आहे. टोचल्या जागी सूज आलेल्या घोड्यांच्या रक्तात घटसर्पाचे प्रतिविष अधिक तयार होते, हे १९२० च्या दशकात फ्रान्सच्या गास्ताँ रामाँ यांच्या ध्यानी आले. त्यांनी मग टोचण्याच्या द्रवात चक्क पावाचा चुरा मिसळून पाहिला! १९२६ मध्ये इंग्लंडच्या ग्लेनी यांनी तुरटीचा उपयोग दाखवला. तिच्या गोत्रातील ॲल्युमिनियमचे क्षार आजही अनेक लशींत असतात.

विषाणूचा नुसता शुद्ध तुकडा टोचला, तर जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींना त्यात धोका जाणवत नाही. सहायक द्रव्य त्यांना वर्दी देते. मग त्या तो तुकडा जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तेथे प्रतिपिंडे व लढाऊ पेशी घडू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विलग केलेल्या विषाणूपासून झालेल्या कोवॅक्सिनमध्येही ॲल्युमिनियमच्या क्षारावर असा वर्दी देणारा एक रेणू बसवलेला आहे.

नागिणीच्या 'शिंग्रिक्स' लशीत विषाणूचे एकच प्रथिन आहे, जिवंत विषाणू नाही. सोबतीला चिलीतील एका झाडाच्या सालीचा, आपल्या रिठ्यासारखा फेसाळणारा अर्क आणि एका जिवाणूपासून मिळवलेला, विषारीपणा घालवलेला स्निग्ध रेणू. सत्तरीपुढील व्यक्तींमध्ये या लशीने चाचणीत सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. जुन्या जिवंत लशीचे त्या वयातील संरक्षण, वेगळ्या चाचणीत, ४० टक्क्यांच्याही आत होते. म्हातारे रक्त ऐकते. हाक मात्र मोठ्याने द्यावी लागते.

ही हाक अंगाला जाणवते. दंड दुखतो, कणकण येते, थकवा वाटतो. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत आराम पडतो. काहीच झाले नाही, तरी लस वाया गेली असे समजू नये. लस महाग आहे, हे खरे. नागीण अंगावर असताना ती घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. दुसरी मात्रा दोन ते सहा महिन्यांत घ्यावयाची असते. पहिलीच्या दिवशीच तिची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.