क्लार्क : एका आडनावाचे दोन उगम

१६३२ साली आयर्लंडच्या वायव्येस, डॉनिगॉल परगण्यात, एकाच घराण्याच्या संदर्भात दोन घटना घडल्या. २२ जानेवारीस ड्राउझ नदीच्या काठी, फ्रान्सिस्कन संन्याशांच्या आश्रयस्थानात, मिहॉल ओ क्लेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयर्लंडचा आरंभापासूनचा वृत्तान्त एकत्र लिहून काढण्यास प्रारंभ केला. पुढे चारच महिन्यांनी, मे महिन्यात, लिफर्ड येथे एक सरकारी चौकशी बसली. त्या लेखकमंडळींपैकीच एक असलेला कूकॉग्री ओ क्लेरी वर्षाला आठ पौंड खंड भरून थोडी जमीन कसत होता. ती जमीन राजाच्या खाती जमा झाली. चौकशीने नोंदवलेले कारण असे की तो निव्वळ आयरिश असून त्याचा वंशही इंग्रज वा ब्रिटिश नाही आणि आडनावही नाही.

येथे ‘निव्वळ’ हा शब्द हेटाळणीचा वाटतो. त्या काळच्या कायद्याच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ‘भेसळ नसलेला’ असा होता. परिणामात अर्थातच फरक पडला नाही. वंशाच्या जोडीने आडनावही जमीन हिरावून घेण्याचे कारण म्हणून सरकारी कागदावर उमटावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढच्या दोन शतकांत याच घराण्याच्या असंख्य शाखांनी ते आडनाव टाकून ‘क्लार्क’ हे इंग्रजी आडनाव धारण केले.

हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. कचेरीतला कारकून तो क्लार्क. विशेष असे की मराठीने या शब्दाचा उच्चार जसा उचलला, तसाच तो आडनावातही आहे. इंग्रजीत या शब्दाचे लेखन ‘क्लेर्क’ असे वाचावे असे आहे, परंतु मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडच्या बोलीत अनेक शब्दांतील ‘एर्’चा ‘आर्’ झाला. डर्बी गावाला तेथे ‘डार्बी’ म्हणतात ते याच कारणाने. सामान्य शब्दाचे लेखन जुने राहिले आणि आडनावाने मात्र उच्चाराप्रमाणे आपले लेखनही बदलून घेतले. अमेरिकेत कारकुनाला ‘क्लर्क’ म्हणतात, पण आडनाव तेथेही क्लार्कच राहिले.

शब्दाचे मूळ ग्रीक ‘क्लेरोस’ येथे सापडते. त्याचा अर्थ वाटा, चिठ्ठी टाकून वाट्यास आलेला हिस्सा. ख्रिस्ती परंपरेत त्यावरून धर्मसेवेच्या वाट्याचा माणूस असा अर्थ रूढ झाला आणि लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ हा शब्द स्थिरावला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वाचता-लिहिता येणारे लोक बहुतांशी चर्चच्या छत्राखालचे होते. त्यामुळे धर्मसेवक आणि लेखनिक या दोन अर्थांत फारसे अंतर उरले नाही.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. धर्मसेवक अविवाहित, मग त्याचे आडनाव चालवणारी संतती आली कोठून? तिचे उत्तर चर्चच्या पायऱ्यांत आहे. वरच्या पायऱ्यांवरील धर्मगुरूंना विवाहबंदी होती आणि बाराव्या शतकातील लॅटेरन धर्मसभांनी ती अधिक कडक केली. परंतु खालच्या पायरीवरील सेवकांना विवाह करता येई. हिशेब ठेवणारे, दस्तऐवज लिहिणारे, जमीनदाराच्या वाड्यावर पत्रव्यवहार सांभाळणारे असे हे लोक संसारी होते. चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा गावोगावच्या लेखनिकांची मुले क्लार्क झाली. कुलकर्णी, चिटणीस, सबनीस ही आडनावे ज्या समाजात नांदतात, त्याला ही प्रक्रिया समजावून सांगावी लागू नये. यावरून एक गोष्ट उघड होते : इंग्लंडमधील सर्व क्लार्क हे एका कुळाचे नव्हेत. जितकी गावे, जितके लेखनिक, तितके मूळपुरुष.

वाचता येणे म्हणजे काय मोलाचे होते, याची साक्ष तेथील न्यायालये देतात. धर्मसेवकाला राजाच्या न्यायासनाकडून देहान्ताची शिक्षा होऊ नये, अशी सवलत होती. आणि धर्मसेवक कोण हे ठरवण्याची सोपी कसोटी म्हणजे वाचन. आरोपीपुढे बायबलमधील स्तोत्र ठेवीत. वाचता आले तर मान वाचे. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार केले, तेव्हा तो याच सवलतीवर फासातून सुटला. मात्र ही सवलत पुन्हा मागता येऊ नये म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग देण्यात आला. १८२७ साली ही पद्धत रद्द झाली.

आता आयर्लंड. तेथे कथा बरीच जुनी आणि अगदी निराळी आहे. लॅटिन ‘क्लेरिकुस’ ख्रिस्ती धर्माबरोबरच आयरिश भाषेत गेला आणि ‘क्लेरिख’ झाला. नवव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिमेस, आजच्या गॉलवे परगण्याच्या दक्षिण भागात, या नावाचा एक सरदार होऊन गेला. त्याचे वंशज ते ओ क्लेरी. आयरिश वृत्तान्तांत ९१६ सालच्या सुमारास अय्ने प्रांताचा अधिपती तिगर्नख ओ क्लेरी याच्या मृत्यूची नोंद आहे आणि ‘युरोपातील सर्वांत जुने आडनाव’ म्हणून तिचा वारंवार दाखला देतात.

हा दाखला जपून वापरावा. ‘ओ’ या शब्दाचा, म्हणजे त्याच्या ‘ऊआ’ या जुन्या रूपाचा, मूळ अर्थ नातू. एखाद्याला ‘क्लेरिखचा नातू’ म्हटले, एवढ्याने ते आडनाव ठरत नाही. पणतू आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही स्वतःला तेच म्हणवू लागल्या की मग ते आडनाव. एकट्या नोंदीवरून विक्रम जाहीर करणे हे समाजमाध्यमाला शोभते, इतिहासाला नव्हे. एवढे निश्चित की दहाव्या-अकराव्या शतकांत आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे रुजली, आणि त्या बाबतीत ते बेट इंग्लंडच्या पुढे होते.

बाराव्या शतकात अँग्लो-नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले. पुढील काळात ओ क्लेरींचा गॉलवेतील मुलूख गेला आणि कुळ पांगले. एक शाखा उत्तरेकडे डॉनिगॉलमध्ये स्थिरावली. घराण्याची परंपरा सांगते की कॉर्मक ओ क्लेरी या तरुणाने तेथील अधिपती ओ’डॉनेल याच्या इतिहासकाराच्या मुलीशी विवाह केला आणि इतिहासलेखनाचे पद या घराण्याकडे आले. गेलिक समाजात हे पद लहान नव्हते. वंशावळ्या, सीमा, हक्क, पराक्रम यांचा जिवंत दप्तरखाना म्हणजे हा माणूस. त्याला इनाम जमिनी असत. समुद्रकाठच्या किलबॅरन येथील गढी या घराण्याची. ज्यांच्या आडनावाचा अर्थ लेखनिकाचे वंशज, ते खरोखरच पिढीजात लेखनिक झाले. हा निव्वळ योगायोग आहे, पण सुंदर.

१६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदारांचा पराभव झाला. १६०७ मध्ये उत्तरेचे प्रमुख सरदार देश सोडून गेले आणि त्यांच्या जमिनींवर इंग्लिश व स्कॉटिश वसाहतकार बसवण्यात आले. आश्रयदाता गेला की इतिहासकाराचे पद उरत नाही. मिहॉल ओ क्लेरी युरोपात गेला आणि लूव्हेन येथील आयरिश फ्रान्सिस्कन मठात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा सेवक-बंधू म्हणून. १६२६ मध्ये मठाने त्याला जुनी हस्तलिखिते जमवण्यासाठी मायदेशी परत धाडले. उन्हाळ्यात हिंडून नकला कराव्यात आणि थंडीत त्या नीट उतरून काढाव्यात, असे त्याचे वर्षानुवर्षे चालले.

या साऱ्याचे फलित म्हणजे १६३२ मध्ये सुरू होऊन १० ऑगस्ट १६३६ रोजी पूर्ण झालेला वृत्तान्त. तो आज ‘चार आचार्यांचा वृत्तान्त’ म्हणून ओळखला जातो. त्या चार मुख्य लेखकांपैकी दोघे ओ क्लेरी होते : मिहॉल आणि ज्याची जमीन गेली तो कूकॉग्री. जमिनीला मुकलेला कूकॉग्री पुढे मेयो परगण्यात गेला. त्याचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. आपल्याजवळ असलेल्या सर्व वस्तूंत आपल्याला सर्वाधिक प्रिय असलेली ग्रंथसंपदा आपण आपल्या दोन मुलांना देत आहोत, असे त्याने त्यात लिहिले आहे. वारशात द्यायला त्याच्यापाशी दुसरे फार काही राहिलेले नव्हते.

आडनावे बदलण्याची सक्ती याहून जुनी आहे. १४६५ साली ट्रिम येथे भरलेल्या पार्लमेंटने कायदा केला की डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी पोशाख करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे. ते एखाद्या गावाचे, रंगाचे, कसबाचे किंवा हुद्द्याचे असावे. कायद्याचा अंमल तुटपुंज्या मुलखापुरता होता. खरा बदल सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत झाला आणि तो कायद्याने कमी, कागदाने अधिक झाला. खंडाच्या पावत्या, न्यायालयाची दप्तरे, चर्चची नोंदवही, शाळेचा पट हे सर्व इंग्रजीत. लिहिणाऱ्याला आयरिश येत नसे आणि लिहून घेणाऱ्याला अनेकदा अक्षर येत नसे.

या रूपांतरांत गमती फार झाल्या. ‘मॅक कोनरी’ या नावाच्या शेवटच्या अक्षरांत कोणाला तरी ‘री’, म्हणजे राजा, हा आयरिश शब्द ऐकू आला आणि ते घराणे ‘किंग’ झाले. कवीचा पुत्र या अर्थाचे ‘मॅक अन वार्ड’ केवळ ध्वनिसाम्याने ‘वॉर्ड’, म्हणजे पहारेकरी, बनले. या गर्दीत ओ क्लेरीचे क्लार्क होणे हे मात्र चोख भाषांतर होते. दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. एक धर्मप्रचारकांबरोबर आयर्लंडला गेले, दुसरे इंग्लंडमध्ये वाढले आणि हजार वर्षांनी एका दप्तरात त्यांची गाठ पडली. कॅव्हन परगण्यात ‘क्लार्क’ विशेष रुजले. इतरत्र क्लेरी, क्लिअरी ही रूपे टिकली. पण ‘ओ’ मात्र बहुतेकांचा गळाला.

त्यामुळे आयर्लंडमध्ये एखाद्याचे आडनाव क्लार्क आहे, एवढ्यावरून तो वसाहतकाराचा वंशज की अय्नेच्या सरदाराचा, याचा निवाडा होत नाही. टॉम क्लार्क याचेच उदाहरण घ्यावे. त्याचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हर्स्ट किल्ल्यात झाला; बाप लीट्रिम परगण्यातला, प्रॉटेस्टंट आणि ब्रिटिश सैन्यात चाकरी करणारा. मुलाने त्याच साम्राज्याविरुद्ध कटात भाग घेतला, १८८३ पासून १५ वर्षे इंग्लिश तुरुंगात काढली आणि १९०७ मध्ये अमेरिकेतून परतल्यावर डब्लिनमध्ये तंबाखूचे दुकान थाटून गुप्तपणे उठावाची जुळवाजुळव केली.

त्याच १९०७ मध्ये दुसरा एक क्लार्क मुंबईस आला : गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, लिंकनशरचा. त्याच्या कारकिर्दीत, १९०८ च्या जुलैमध्ये, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे तो लॉर्ड सिडनहॅम झाला. मुंबईतले सिडनहॅम महाविद्यालय त्याच्याच नावाचे. १९१६ च्या एप्रिलअखेरीस टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडकडून आलेला. आणि त्याच दिवसांत डब्लिन पेटले होते.

त्या उठावाच्या जाहीरनाम्यावरील सात सह्यांत पहिली टॉम क्लार्कची. वयाने ज्येष्ठ म्हणून तो मान त्याला दिला गेला. बंडखोरांचे मुख्य ठाणे टपाल कचेरीत होते. रस्त्याच्या पलीकडे, जवळजवळ समोर, ‘क्लेरीज’ हे शहरातले मोठे कापडदुकान होते. तोफखान्याच्या माऱ्याने लागलेल्या आगीत ते जळून खाक झाले. ३ मे रोजी किलमेनम तुरुंगात टॉम क्लार्कला गोळ्या घालण्यात आल्या.

याच शहरात तेव्हा हॅरी क्लार्क हा चित्रकार रंगीत काचेच्या खिडक्या घडवीत होता. त्याचा बाप लीड्सहून आलेला, म्हणजे हा क्लार्क इंग्लिश शाखेचा. आज आयरिश कलेचे नाव निघाले की त्याचे काम पुढे येते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४९ हजारांहून अधिक आयरिश सैनिकांच्या नावांची यादी १९२३ मध्ये आठ खंडांत निघाली. तिच्या प्रत्येक पानाभोवतीची नक्षी त्याची आहे. नावे इंग्रजी वर्णक्रमाने लावली आहेत, त्यामुळे सगळे क्लार्क तेथे एकापाठोपाठ एक येतात.