पातळ रक्ताचा हिशेब

गोळी घ्यावी तर रक्तस्रावाची भीती, न घ्यावी तर लकव्याची. करी रोडच्या तिसऱ्या मजल्यावर या प्रश्नाने आठवडाभर सगळ्यांची झोप उडवली होती...

करी रोडला राहणाऱ्याला रिस्क मॅनेजमेंट एमबीएला जाऊन शिकावं लागत नाही. ते स्टेशनवरच शिकून होतं. इथे फक्त स्लो लोकल थांबते. मग समोरची भरलेली गाडी सोडायची की दाराला लटकायचं? लेटमार्क परवडेल की पडणं? रोज सकाळी दोन सेकंदांत आपण हा निर्णय घेतो आणि विसरूनही जातो. पण हाच प्रश्न घरातल्या माणसाच्या औषधाबद्दल समोर आला, की भलेभले गार पडतात. तेव्हा कुणालाच गणित नको असतं. गॅरंटी हवी असते. आणि ती तर कुठलाच डॉक्टर देत नाही!

आमच्याकडे हा प्रश्न आला तो आजीच्या मनगटातून. आजी ७९ वर्षांची, वजन ४७ किलो, बीपीची गोळी गेली पंधरा वर्षं चालू. नेहमीच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी नाडीवरची बोटं जरा जास्तच वेळ ठेवली. मग ईसीजी. मग निदान. एट्रियल फिब्रिलेशन, शॉर्टमध्ये 'एएफ'. गंमत म्हणजे आजीला धडधड नाही, छातीत दुखणं नाही. जिना चढताना दम लागायचा, पण चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ७९ वर्षांच्या बाईला दम लागला तर त्याला आजार कोण म्हणेल?

नाडी चुकते म्हणजे नेमकं काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावायचे सोडून नुसतेच थरथरत राहतात, हे एएफ. लेझीम चालू असताना पुढच्या रांगेने ताल सोडून नुसतं हलत राहावं, तसं. खालचे कप्पे काम करत राहतात, म्हणून माणूस चालतो, बोलतो, भांडतोही. खरी भानगड वेगळीच आहे. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी लटकलेली असते. हृदय थरथरू लागलं की तिथलं रक्त हलत नाही. साचलेलं रक्त गोठतं. झडपा चांगल्या असलेल्या एएफ पेशंटच्या हृदयात गुठळी झाली, तर दहातल्या नऊ वेळा ती याच पिशवीत होते. ती सुटली आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली, की स्ट्रोक. म्हणजे आपल्या भाषेत लकवा.

एएफ असलेल्या माणसाला स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट. त्यातही एएफमधला स्ट्रोक जरा जास्तच दुष्ट. गुठळी मोठी असते, मेंदूचा मोठा भाग जातो, आणि वाचलेला माणूस बऱ्याचदा परावलंबी होतो.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी सुरू करूया." आणि घरात महायुद्ध सुरू झालं.

डोंबिवलीहून काका आले. त्यांचं म्हणणं, "आईला तीन जिने आहेत, संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री पडली, डोक्याला लागलं आणि रक्त थांबलंच नाही तर?" आईचं म्हणणं, डॉक्टर सांगतात ते ऐकायचं. शेजारच्या काकू सांगून गेल्या, की त्यांच्या जावेला अशीच गोळी होती आणि तिचं नाक वाहायला लागलं ते हॉस्पिटलात जाऊनच थांबलं. बाबा मध्यममार्गी. "त्यापेक्षा ॲस्पिरिन देऊ. साधी गोळी आहे, बिचारी." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मास कॉमवाली ना! "तू पेपरात लिहितेस, तूच काढ माहिती."

काढली.

गाई, उंदीर आणि आयसेनहॉवर

पहिला गैरसमज नावातच आहे. या गोळीने रक्त पातळ वगैरे होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त त्याची गोठण्याची घाई कमी होते.

या औषधांची जन्मकथा एखाद्या थ्रिलरसारखी आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली. कारण निघालं कुजलेल्या गोड क्लोव्हर गवताचं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये पोहोचला. लिंकच्या टीमने वर्षानुवर्षं खपून गवतातलं ते द्रव्य शोधलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन निघालं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं, पण उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही हेच दिलं गेलं. 'उंदराचं औषध' एकदम प्रतिष्ठित झालं.

आपल्याकडे वॉरफरिनसोबत त्याचं भावंडही भरपूर वापरलं जातं, ॲसेनोकुमारॉल. दोन्ही स्वस्त, दोन्ही कामाची. नीट घेतलं तर वॉरफरिन एएफमधले तीनातले जवळजवळ दोन स्ट्रोक टाळतं. पण नखरे फार. आयएनआर नावाची रक्ततपासणी सतत करावी लागते आणि आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवावा लागतो. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं व्हिटॅमिन के औषधाच्या विरुद्ध काम करतं. म्हणजे एका आठवड्यात रोज पालेभाजी आणि दुसऱ्यात एकदाही नाही, असं चालत नाही. भाजी बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. बाजारात मेथी स्वस्त झाली की आठवडाभर मेथीच, असा हिशेब असलेल्या घरात हे सोपं नाही.

नंतर आली नवी पिढी. डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन. ठरलेला डोस, आयएनआरची कटकट नाही, भाजीचं बंधन नाही. २०११ मध्ये अपिक्साबॅनची वॉरफरिनशी तुलना करणारी 'ॲरिस्टॉटल' चाचणी प्रसिद्ध झाली. १८ हजारांवर पेशंट. नव्या गोळीने स्ट्रोक २१ टक्के कमी, मोठे रक्तस्राव ३१ टक्के कमी. मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण तर निम्म्याहूनही खाली.

आणि बाबांची बिचारी ॲस्पिरिन? त्याच वर्षी अपिक्साबॅन विरुद्ध ॲस्पिरिन अशीही चाचणी आली. अपिक्साबॅनवाल्यांचे स्ट्रोक ॲस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहून कमी आणि मोठे रक्तस्राव जवळपास सारखेच. एएफमधल्या स्ट्रोकसाठी ॲस्पिरिन म्हणजे पावसात रुमाल डोक्यावर धरण्यासारखं. केल्याचं समाधान, बाकी भिजायचं तेवढं भिजतोच.

शंभर आज्यांचं गणित

डॉक्टर गोळी द्यायची की नाही, हे चेहरा बघून ठरवत नाहीत. पॉइंट मोजतात. वय ७५ च्या वर, २ पॉइंट. बीपी, १. डायबिटीस, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार, प्रत्येकी १. आधी स्ट्रोक झाला असेल तर २. बाई असण्याचाही १ पॉइंट होता, तो २०२४ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये काढून टाकला. आजीचे जुन्या हिशेबाने ४, नव्याने ३. दोन्हीकडे उत्तर एकच : गोळी द्या.

हे मी घरात वेगळ्या पद्धतीने मांडलं. आजीसारख्या शंभर आज्या डोळ्यांसमोर आणा. गोळी दिली नाही, तर वर्षभरात साधारण चार-पाच जणींना स्ट्रोक येईल. दिली, तर एक-दोघींना. म्हणजे तिघीजणी वाचल्या. आता उलटी बाजू. गोळी घेणाऱ्या शंभरातल्या दोन-तीन जणींना वर्षभरात मोठा रक्तस्राव होईल. त्यातला बराचसा पोटातला, हॉस्पिटलात उपचार करून बहुतेकदा आटोक्यात येणारा. काका ज्याला घाबरले तो मेंदूतला रक्तस्राव नव्या गोळीवर शंभरात एकीलाही नाही, तीनशेत साधारण एकीला.

"पण आपली आजी त्या शंभरातली कितवी?" काकांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर नाही. आकडे गर्दीचे असतात, आजी एकच असते.

मग मी त्यांना २९५ चा आकडा सांगितला. १९९९ मध्ये काही संशोधकांनी नेमकं हेच गणित मांडलं होतं. एएफ असलेला म्हातारा माणूस वर्षातून किती वेळा पडला तर पडून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा जास्त होईल? उत्तर आलं, सुमारे २९५ वेळा. म्हणजे जवळजवळ रोज! हे कागदावरचं मॉडेल आहे, घरोघरचा जिना नव्हे. तरी नुसत्या 'पडेल' या भीतीने गोळी नाकारू नये, एवढं त्यातून कळतं. पडण्यावर उपाय गोळी बंद करणं हा नाही. गॅलरीत रात्रीचा दिवा, जिन्याला कठडा, घसरणाऱ्या चपला बाद, हे उपाय.

रक्तस्रावाचेही पॉइंट मोजतात. तो स्कोअर गोळी नाकारण्यासाठी नसतो, दुरुस्त काय करता येईल ते शोधण्यासाठी असतो. आजीच्या बाबतीत ते सापडलंही. गुडघ्यांसाठी नाक्यावरच्या केमिस्टकडून आणलेल्या पेनकिलर गोळ्या! त्या पोटाला खरवडतात आणि ही गोळी सोबत असेल तर रक्तस्राव वाढवतात. त्या बंद झाल्या. बीपीही घट्ट धरलं.

परळचं गणित वेगळं

आमच्या घरापासून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर. १९२६ पासून उभं. पलीकडे वाडिया, टाटा. परळच्या फुटपाथवर फाइल छातीशी धरून बसलेली माणसं बघितली, की कळतं पाश्चात्त्य आकडे इथे जसेच्या तसे का चालत नाहीत. तिकडे एएफ हा बहुतांशी म्हाताऱ्यांचा आजार. आपल्याकडच्या डॉक्टरांनी देशभरातल्या पेशंटची नोंदणी केली तेव्हा सरासरी वय निघालं ५५ च्या आत आणि जवळजवळ निम्म्यांना संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप होती. लहानपणी दुर्लक्षित घसादुखी, मग ताप, मग आकसलेली झडप. तिशी-चाळिशीतल्या बायका यात भरपूर.

आणि यांच्यासाठी नवी, सोयीची गोळी चालत नाही. २०२२ मध्ये 'इन्व्हिक्टस' चाचणीत २४ देशांतल्या अशा साडेचार हजार पेशंटवर रिव्हारॉक्साबॅन आणि जुनं औषध यांची तुलना झाली. सगळ्यांना वाटलं होतं नवं जिंकेल किंवा निदान बरोबरी करेल. जिंकलं जुनंच, मृत्यूही त्याच्याच गटात कमी. झडप फार आकसली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवली असेल, तर आजही आयएनआरवालं जुनं औषधच. म्हणूनच 'शेजारणीला चालली ती गोळी मलाही द्या' हा हट्ट इथे महागात पडू शकतो. आजीचा इको केला, झडपा ठीक निघाल्या. किडनीही ठीक. नव्या गोळीचा रस्ता मोकळा होता.

तुम्ही म्हणाल, आम्ही पंचविशी-तिशीतले, आमचा काय संबंध? मनगटावरचं घड्याळ अचानक 'नाडी अनियमित' म्हणालं तर घाबरू नका, ईसीजी काढा. आणि खरंच एएफ निघालं तरी वय कमी, बीपी-डायबिटीस नाही, झडपा ठीक, असं असेल तर बहुधा रक्त पातळ करायची गोळी लागतच नाही. रोग एकच, हिशेब प्रत्येकाचा निराळा.

आणि आजीचं काय म्हणणं?

आठवडाभर आम्ही सगळे बोलत होतो. ज्या बाईची नाडी, तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "आजी, तुम्हाला कशाची जास्त भीती वाटते? रक्त जाण्याची की लकव्याची?"

आजीने क्षणभरही विचार केला नाही. "आमच्या थोरल्या जाऊबाई चार वर्षं खाटेवर होत्या. तोंड वाकडं, बोलता येईना, सगळं सुनांच्या हातून. रक्त जाऊन मेले तर मेले. पण मला कुणी उचलून संडासला न्यायचं नाही."

काका गप्प झाले. गोळी सुरू झाली.

तिला कुणी आकडे समजावले नव्हते. पण आकड्यांना न येणारी एक गोष्ट तिला येत होती. शंभरात दोन-तीन रक्तस्राव आणि शंभरात चार-पाच स्ट्रोक, हे मोजता येतं. त्यातलं कोणतं 'जास्त वाईट', हे मोजायचं माप ज्याच्या त्याच्याकडेच असतं. दुसरी एखादी आजी उलटं उत्तर देईल आणि तेही बरोबर असेल.

आता सकाळी आठ आणि रात्री आठ, माझ्या मोबाइलचा अलार्म वाजतो. या गोळीचा असर जेमतेम अर्ध्या दिवसात उतरू लागतो, त्यामुळे चुकवून चालत नाही. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने बंद करायची नाही. काळी शौच झाली, डोक्याला मार बसला, तर थेट हॉस्पिटल. दंडावर कधी निळे डाग दिसतात, भाजी चिरताना बोट कापलं तर जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं. त्याची सवय झालीय.

मधेमधे किडनीची तपासणी असते. आणि पुढच्या वर्षी डोसही बदलणार आहे. वय ८० पूर्ण आणि वजन ६० किलो किंवा त्याहून कमी, असं दोन्ही असेल तर अपिक्साबॅन निम्मं देतात. हे आजीला सांगितलं, तर ती खूश.

म्हणाली, "म्हणजे ऐंशी झाले की कन्सेशन!"